मेलेल्यांचे जामीन

अमरावती, ज्येष्ठ शुद्ध नवमी

प्रिय सुभद्रे,

आजीचा आशीर्वाद. रडत बसली असशील तर आधी डोळे पूस. रडून तुमच्या अकोल्याच्या कचेरीचं दार उघडत असतं तर मी इथून चार बाया भाड्याने रडायला धाडल्या असत्या. तुझा भाऊ सूर्यभान आज दहा दिवस तिथल्या कोठडीत आहे, आणि गोरा साहेब म्हणतो, ज्याने तो कागद लिहिला त्याला काळ्या पाण्यावर पाठवीन. कागद कसला, कोणी लिहिला, हे तुला कोणी धड सांगितलं नसणार. सासरी गेलेल्या पोरीला लोक बातमी सांगतात ती मिठाशिवाय नाही तर मिठाचीच. म्हणून पहिल्यापासून लिहिते. सगळं वाच, गाळू नकोस.

तू गेलीस तेव्हाची अमरावती आता राहिली नाही. समुद्रापलीकडे कोण्या मुलखात भाऊ-भाऊ लढताहेत म्हणे, आणि त्यांच्या भांडणापायी आपल्या कापसाच्या पराटीला सोनं लागलं. पेठेत बैलबंड्यांची रांग हलत नाही. जिकडेतिकडे कापसाचं फूस उडतं. ताकात पडतं, नाकात जातं. काल ज्याला लंगोटी नव्हती तो आज बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं घालतो. दुसऱ्याच्या घरातल्या मयतीवर आपलं बारसं चाललंय. मला हे पहिल्यापासूनच बरं दिसलं नाही, पण म्हातारीचं कोण ऐकतो. सूर्यभान अडत्याकडे चिठ्ठ्या लिहितो, कोणत्या बंडीत किती बोजे आणि ते अकोल्याला कुठं उतरवायचे. शेजारच्या रजियाबीचा नबी त्याच अडत्याकडे कापूस पारखतो. बोंडातला धागा बोटांत ओढला की कोणत्या गावच्या वावरातला ते सांगतो. दोघे लहानपणापासून एका ताटातले, हे तुला सांगायला नको.

अक्षय तृतीयेला सालदारांची सालं संपतात आणि नवी लागतात. यंदा गडीच मिळेना. जो तो स्वतःच्या वावराचा राजा, आणि उरलेले रेल्वेच्या मातीकामावर. आपला जुना गडीही गेला. सूर्यभान आणि नबी सकाळपासून गावभर फिरले आणि हात हलवत परत येऊन ओसरीवर आडवे झाले. मी पन्हं दिलं. नबी म्हणाला, "आजी, जित्ता गडी तं भेटून नाही रायला. आता मेलेलेच लावा लागते." मी म्हटलं, "लाव ना बाप्पा. मेलेल्याले भाकर तरी लागत नाही." तिथून खेळ सुरू झाला. मेलेलेच लावायचे तर वावरावर कशाला, राज्यावर लावू. पूर्णा नदी जिथं उलटी वाहते असा एक मुलूख धरायचा, त्याला नाव पीक आल्यावर ठेवायचं, आणि त्याच्या कारभारावर जुने मोठे लोक एकेक करून निवडायचे. तेही सालाने. बारा महिने काम पाहायचं, जमलं नाही तर कांबळ देऊन वाटेला लावायचं.

मीही खेळले, काहून खेळू नये? नबीने पहिला उचलला मलिक अंबर. सूर्यभानला तो फौजेवर हवा होता. मी म्हटलं, "ज्यानं जमिनी मोजल्या, लोकाच्या दारात पाणी आणलं, त्याले तलवारीपायी काहून वाया घालवता? तलवारवाले तं ढिगानं मेले." मग तो जमीन आणि पाण्यावर लागला. साल ठरलं: ज्वारी, एक कांबळ, एक जोडा, चिलमीचा तंबाखू वेगळा. खजिन्यावर मी अहिल्याबाई मागितली. पोट्टे म्हणाले, बाई कशी? मी म्हटलं, घरात दाण्याची कणगी कोणाच्या हाती असते ते पाहा आणि मग तोंड उघडा. फौजेवर सूर्यभानने नागपूरचे रघूजी भोसले काढले, तर मी एवढंच विचारलं की घोड्यांची वैरण कोणाच्या वावरातून येणार. त्याने रघूजींना वगळलं आणि फौज चांदबिबीला दिली, जी आपलं दार सोडत नाही आणि दारात आलेल्याला सोडत नाही. परराज्यांशी बोलायला कौंडिण्यपूरची रुक्मिणी घेतली. एका पत्रात स्वतःचं लग्न जुळवणारी बाई तह काय जुळवणार नाही? नबीला बिरबलही हवा होता. तो मी लावू दिला नाही. धनी हसत बसतो आणि ढोरं पिकात शिरतात.

राजा राहिला शेवटी. दोघांच्या मनात एकच नाव होतं, पण तोंडाने कोणी काढेना. शिवाजी महाराजांना सालदार कसं लिहायचं? एक कांबळ आणि एक जोडा, तोही महाराजांना? सूर्यभान म्हणाला, "नको आजी, राहू दे." म्हणून राजा एवढंच लिहून पुढची ओळ कोरी ठेवली. अदबीने ठेवली, दुसरं काही नाही.

आता चूक ऐक. सालाचा कागद जामिनाशिवाय होत नाही. गडी अर्ध्यात पळाला तर धरायचं कोणाला? मेलेला माणूस आणखी पळून कुठं जाणार, पण रीत ती रीत. खेळ खोटा असला तरी अर्धवट कागद करायची आपल्या घराची सवय नाही. म्हणून मलिक अंबरापुढे जामीन नबी, चांदबिबीपुढे जामीन सूर्यभान, अहिल्याबाईपुढे जामीन मी, अशी जिवंत माणसांची नावं लागली. हा कागद मी केला. पोट्टे खेळून उठून गेल्यावर, माझ्या हाताने, बाळबोध अक्षरात केला, आणि जामिनांची नावं कोणाला न विचारता घातली. मला अक्षर रिद्धपूरच्या माझ्या महानुभाव आत्याने शिकवलं. मोडी मला येत नाही. सूर्यभान कारकून, त्याचा हात मोडीचा. बाळबोध त्याला लिहिता येत नाही. कागद मी चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि विसरले. दुसऱ्या दिवशी गठ्ठा बंड्यांबरोबर गेला आणि त्यातून कागद अकोल्याला पोचला. तिथल्या कोणी शहाण्याने तो वाचला आणि साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवला.

जमादार आला तेव्हा मी सरकी पाखडत होते. आल्या आल्या विचारतो, "मलिक अंबर किधर रहता है?" मी म्हटलं, खुलताबादेत. त्याने लिहून घेतलं! मग म्हणे, अहिल्याबाई? मी म्हटलं, ती तर वर गेली. म्हणे, वर म्हणजे कोणत्या गावी? त्या बैलबुद्धीच्या मिशाळाला पाहून मला हसू फुटलं, आणि हसता हसताच मी मागे वळले. पाठीमागे दोन शिपाई सूर्यभानचे हात बांधत होते आणि बैल बांधावा तशी गाठ मारत होते. पोरगा एवढंच म्हणाला, "आजी, चूल पाह्य, भाकर जळून रायली." खरंच जळत होती.

जमादार मूर्ख आहे, पण साहेब मूर्ख नाही. ही नावं मेलेल्यांची, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तो म्हणतो, तीच तर खूण. मेलेल्यांच्या आडून जिवंत उभे आहेत, जामीन म्हणजेच खरे सरदार. बारा महिन्यांनी कारभारी काढून टाकायचा असं लिहिलंय, म्हणजे आत्ताचा कारभार काढायचा बेत आहे. आणि राजाची ओळ कोरी आहे ती कोणाला लपवण्यासाठी? सूर्यभानला रोज एवढंच विचारतात, राजा कोण? तो म्हणतो, कोणी नाही. नत्थुजी गाडीवानाने त्याला परवा कचेरीच्या अंगणात पाहिलं. म्हणाला, "पोरगा उभा नाही रायत, बाई. भिंत धरून बसते." पुढचं मी त्याला विचारलं नाही.

बंडाला सात वर्षं झाली, पण या लोकांचं बंड अजून संपलेलं नाही. तुला पेठेतला अब्दुल रहीम कलईवाला आठवतो का? वाटसरूंना दिल्लीची खबर विचारतो म्हणून त्याला चौकशीला नेलं होतं. दोन घटकांत येतो म्हणून भांडी उघडीच ठेवून गेला. त्याच्या बायकोने ती भांडी दोन वर्षं झाकली नाहीत. तेव्हा त्याच्या घराकडे लोक जसं बघत, तसंच आता गल्ली आमच्याकडे बघते. विरजण मागायला कोणी येत नाही. समोरच्या लिंबाखाली दोन अनोळखी माणसं दिवसभर बसतात, बिऱ्हाड नाही, धंदा नाही, आणि माझ्या दारातून कोण आत गेलं ते मोजतात. नबी कुठं आहे कोणाला ठाऊक नाही. रजियाबी माझ्या दारावरून जाताना पदर पुढे ओढते. मी तिला दोष देत नाही. ज्या म्हातारीने खेळात तिच्या पोराला जामीन केलं, तिचं तोंड तिने काय म्हणून पाहावं? साहेबाला शिक्षा करायचीच असेल तर ज्या हाताने कागद केला त्या हाताला करावी. पोरांनी गप्पा मारल्या, कागद माझा आहे.

कळावे. हे सगळं माझ्या हातचं.
पार्बताबाई

सुभद्रे, हा कागद वेगळा आहे, तुझ्या एकटीचा. वाचून झाला की चुलीत घाल आणि जळेपर्यंत तिथून हलू नकोस. वरचे कागद जावईबापूंना दे. त्यांनी ते कचेरीत नेऊन म्हणावं, आजेसासूचं घरचं पत्र आहे, अक्षर ताडून पाहा. जमादाराला मी जे म्हटलंय ते खोडू नकोस. शिव्या असल्या की पत्र खरं वाटतं. मी खोटं कुठं बोलले ते तुला वाचतानाच कळलं असेल. तो कागद सूर्यभानने लिहिला, आम्ही सगळे समोर बसलेलो असताना. महाराजांच्या नावाशी आला तेव्हा "माह्या हातच चालत नाही" म्हणून त्यानेच बोरू खाली ठेवला. जामिनांची नावं हसत हसत सगळ्यांनी सांगितली. तुम्हा दोघांना धूळपाटीवर बसवून, बोटांवर छडी मारून, माझ्यासारखीच वळणं मी काढून घेतली होती. त्याचं अक्षर कोणतं आणि माझं कोणतं, हे आता मलाही सांगता येत नाही, तर साहेबाला काय सांगता येणार? कामावर तो मोडीच लिहितो, म्हणून बाहेर हे कोणाला ठाऊक नाही. त्या कागदावरच्या प्रत्येक अक्षराला माझ्या हातची जोड मिळावी म्हणून पत्र एवढं लांबवलं. चार दिवस बसले. मी पाठोपाठ बंडीने मूर्तिजापूरवरून येते आणि स्वतः कचेरीत उभी राहते. राजा कोण म्हणतील, तर तुझ्या आजोबांचं नाव सांगीन. जन्मभर त्यांना वाटे की कोणीतरी आपल्याला राजा म्हणावं. आता पकडून न्यायला त्यांची राखही उरलेली नाही. माझी काळजी करू नकोस, काळ्या पाण्याच्या जहाजापर्यंत मी पुरत नाही. नबी कुठं आहे ते मी या कागदावरही लिहीत नाही. सूर्यभान सुटून तुझ्या दारी आला की महिनाभर त्याला इकडे धाडू नकोस. आणि पोटभर जेवू घालायच्या आधी त्याच्याकडून शपथ घे: यापुढे मोडीच लिहायची. बाळबोधात एक ओळ नाही, देवाचं नावसुद्धा नाही. तूही नाही. मी तिकडे गेल्यावर ते अक्षर कोणाच्या दृष्टीस पडता कामा नये.

तुझीच, कडू तोंडाची
आजी