सुनंदा नावाची बाई कुठेच नाही

३ फेब्रु.
वही, माफ कर. दिवाळीनंतर आज. मधले महिने दुसऱ्यांची दुःखं लिहिण्यात गेले, स्वतःचं काही लिहायला हात उरला नाही. हे कारण की सबब, ठरवता येत नाही.

परवापासून शहाद्यात प्रशिक्षण. कीर्तनकार महाराज, मौलाना, पास्टर, डोंगरपायथ्याच्या पाड्यांवरचे भगत, सगळे मिळून अठरा. विषय: मनावर आघात झालेला माणूस ओळखणं आणि त्याला उभं राहायला मदत करणं. माणसं आधी त्यांच्याकडे जातात, समुपदेशकाकडे म्हणजे माझ्याकडे शेवटी. म्हणून त्यांना शिकवायचं. कल्पना माझीच, आणि चांगली आहे. अजूनही वाटतं.

सरावासाठी एक गोष्ट लिहून झाली. सरांनी (आमच्या संस्थेचे संचालक) वाचून फोन केला, "मॅडम, डोळ्यांत पाणी आलं." मला बरं वाटलं. नोंदवून ठेवते, बरं वाटलं.

५ फेब्रु.
पहिला दिवस. मौलानांचा प्रश्न सगळ्यांत चांगला: "आम्ही 'सब्र करा' म्हणतो. ते चूक आहे का?" म्हटलं, शब्द चूक नाही, वेळ चुकते. आधी शेजारी बसा, मग म्हणा. ते बराच वेळ मान हलवत राहिले. जेवताना महाराज त्यांना म्हणाले, "मौलाना, इतकी वर्षं आपण दोघं एकाच इयत्तेत नापास होत होतो, हे आज कळलं!" सगळे हसले.

दुपारी गोष्ट वाटली. सुनंदा, तापीकाठचं गाव, उलटलेली जीप, हातून सुटलेली पोर, मुठीत उरलेल्या बांगड्या. महाराजांनी दोनदा वाचली.

फुलसिंगबाबांना (भगत, सत्तरीचे) वाचता येत नाही, मी वाचून दाखवली. म्हणाले, "आम्ही माणसाला नाही विचारत. सुपात दाणे टाकतो, दाण्याला विचारतो. बाई गप बसली तरी चालते." निघताना कागद परत दिला. "बघून झालं का दाणे तिथंच पाण्यात सोडायचे. दुसऱ्याचे दाणे घरी नाही नेत."
शिकण्याकडे लक्ष कमी.

६ फेब्रु.
संपलं. सरांनी सगळ्यांना काम दिलं: आठवड्यात आपापल्या ठिकाणी यावर बोला. मशिदीतल्या बयानात, प्रार्थनेत, कीर्तनात. फोटो पाठवा. मी मान डोलावली.

१० फेब्रु.
महाराजांचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. "ताई, काल म्हसावदला सप्त्यात सुनंदा दृष्टांताला घेतली. बायांकडून हुंदके! आई सांगते, हात मीच सोडला. मी म्हटलं, माउली, तुझा दोष नाही. त्या बांगड्यांपाशी तर मंडप चिडीचूप."

म्हसावद.

विचारलं, कमल होती का बसलेली? "कोण कमल?"
त्यांना माहीत नाही. त्यांचं गाव वेगळं. त्यांना कसं माहीत असणार.

१० फेब्रु., संध्याकाळ
नीट लिहायला हवं.
सव्वा वर्षापूर्वी सारंगखेड्याच्या यात्रेहून परतताना ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली. म्हसावदच्या कमलची सहा वर्षांची पोर गेली. लाल बांगड्या यात्रेतच घेतलेल्या, मापाला मोठ्या. कमलच्या मुठीत बांगड्या राहिल्या, हात राहिला नाही. एवढं सगळं गाव जाणतं. गाव जाणत नव्हतं ते एकच. ट्रॉलीचा गज धरायला तिने हात सोडला होता. ते तिने मला सांगितलं, सासू शेतात असताना, अकराव्या भेटीत. नवऱ्यालाही नाही.

मी नाव बदललं. गाव काढलं. ट्रॅक्टरची जीप केली. बांगड्या ठेवल्या. का ठेवल्या? ते वाक्य मला आवडलं होतं. वेगळं कारण सापडतं का म्हणून तासभर शोधलं.

११ फेब्रु.
कमलने फोन घेतला. एवढंच म्हणाली, "ताई, मी तुमले सांगेल व्हतं. गावले नही." ठेवला.

तिथल्या आशाताईंकडून कळलं, कीर्तनात बांगड्या आल्या तशा बायांनी कमलकडे माना वळवल्या. घरी सासूने ताट पुढ्यातून ओढलं: "पोरना हात सोडी दिना आनि वरीसभर मन्हासमोर रडस!" तुझा दोष नाही, हे महाराजांचं वाक्य कुणाला आठवत नाही. हात सोडला, हे सगळ्यांना.

महाराजांवर चिडायला गेले. चीड तिथे थांबली नाही.

१२ फेब्रु.
सरांकडे गेले. म्हटलं, गोष्ट मागे घ्यायची. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत ती छापायला जाणार आहे, ते थांबवायचं.
"मॅडम, उलट हा परिणाम बघा! संदेश गावापर्यंत पोचला."
संदेश? त्या घरात बाई उपाशी आहे!
"तुम्ही जवळून बघताय म्हणून. नाव तर बदललंय ना?" मग मंडपाचा फोटो दाखवला. बायांची गर्दी. तिसऱ्या रांगेत कमल, मान खाली. हा फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर घेणार! मी फोटोवर तळहात ठेवला आणि उचलला नाही. सर म्हणाले, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. म्हटलं, उद्याच्या दुसऱ्या तुकडीला मी शिकवणार नाही, आणि ही गोष्ट कुणी वाटली तर मी उठून सांगेन की बाई खरी आहे आणि तिला कुणी विचारलेलं नाही.
उठून बाहेर आले. संतापाने. थोडी भीतीनेही.

फुलसिंगबाबांचा कागद फाइलमध्ये तसाच आहे, चार घड्यांचा. अठरा जणांत त्यांनाच कळलं होतं की हा घरी न्यायचा नसतो. आणि मी लिहून ठेवलं, लक्ष कमी.

१२ फेब्रु., पुन्हा
कमलचा फोन आला. आवाज सपाट. "ताई, मन्ही सासूले सांगी द्या, ते तुम्ही तुमना मनथीन लिखेल शे. हात सोडाना ते. तुमनं ती मानी."

म्हणजे खोटं बोलायचं. सासूबाई मानतील, हे खरं. शिकलेली बाई, मनचं लिहिते. पण मग वर्षभरात जी गोष्ट एकदाच कशीबशी तिच्या तोंडून बाहेर आली, ती मीच खोटी ठरवणार. पुन्हा ती कुणापाशी बोलेल? आणि खरं बोलले, तर त्या घरात तिला कोण ठेवेल? मी खोटं बोलत नाही, हा माझा अभिमान. तो कुणाच्या जिवावर सांभाळायचा?
ती म्हणाली, "सांगशात ना?" मी म्हटलं, येते.

उद्या: म्हसावदला जायचं, सासूबाई घरी असताना.