बाळंतिणीची खोली

ईस्टरनंतरचा सोमवार

आज नवी नवरी म्हणून फाल्केनरोडच्या गढीत पाऊल टाकलं. दारात लोकांनी आमच्यावर गहू उधळले. एक दाणा वोल्फ्राममहाराजांच्या दाढीत अडकला, तो मी चारचौघांत काढला, तर अख्खा चौक हसला. महाराजही हसले. माणूस चांगला वाटतो. भर पंगतीत सासूबाईंनी, राजमाता रिखेन्झांनी, माझ्या कमरेला दोन्ही हात लावून पाहिले आणि म्हणाल्या, रुंद आहे, चालेल. मी हरणाचं मांस तसंच गिळलं. मठात शिकलेली आमची दक्षिणेकडची भाषा इथं कुणालाच वाचता येत नाही. मोकळेपणी लिहीन.

संत जॉनचा सण

मला दिवस गेलेत! महाराजांनी पांढरी घोडी दिली, सासूबाईंनी ती लगेच काढून घेतली. म्हणाल्या, आता तू राणी नाहीस, वारसाची पेटी आहेस; आदळआपट चालायची नाही. बायका खो खो हसल्या, मीही हसले. मुदपाकखान्यातली इल्झेही पोटुशी आहे, पण तिला पाण्याच्या घागरी वाहाव्या लागतात. माझ्या ताटातलं लोणी मी तिला देते. ती म्हणते, राणीसाहेब, मुलगी झाली तर तुमचंच नाव ठेवीन, राग नका मानू.

नाताळचा आदला दिवस

रीतीप्रमाणे आज मला बाळंतिणीच्या खोलीत बसवलं. खिडक्यांवर जाड गालिचे. किल्लीच्या भोकातसुद्धा चिंधी. बाळ होईपर्यंत पुरुषाचं तोंड दिसायचं नाही. सोबतीला सुईण गेपा. दार बाहेरून लावतात. का, असं विचारलं तर म्हणाली, गप पडा, पोटातलं ऐकतं.

तीन राजांचा सण, नाताळनंतरचा बारावा दिवस

मुलगी झाली. रडली. मी ऐकलं. सासूबाई म्हणाल्या, मेलेलीच आली. मी म्हटलं, रडतेय की! त्यांनी गेपाकडे नुसतं पाहिलं. गेपानं पाठ फिरवली, आणि रडणं —

बाहेर घंटा वाजताहेत. राजपुत्र झाला म्हणे.

दुसरा दिवस

माझ्या मांडीवर एक मुलगा ठेवला. सासूबाई म्हणाल्या, हा तुझा, पाज. भिंतीपलीकडून इल्झेचा आवाज — माझं पोर द्या, माझं पोर. मग काहीच नाही. इल्झेचं काय केलं विचारलं, तर गेपा म्हणते, नदी गोठलीय, पण कोळी भोक पाडून ठेवतात.

बहुतेक गुरुवार

महाराज दाराशी आले. मी फटीतून सगळं सांगितलं. मुलगी, इल्झे, सगळं. त्यांनी विचारलं, मुलगा धडधाकट आहे ना?

तारीख कळत नाही

बाळाला नेलं. दूध दगडासारखं दाटलंय. राणीला बाळंतरोग झालाय, असं बाहेर सांगितलंय. चौकात लोक माझ्यासाठी स्तोत्रं गाताहेत. मी ओरडते — ते आणखी मोठ्यानं गातात.

नंतर

गेपा उशी मांडीवर घेऊन बसलीय. म्हणते, लिहून घ्या, घाई नाही. मी म्हटलं, माझी मुलगी कुठं पुरलीस, एवढं तरी सांग. ती उठली. म्हणते, कानात सांगते, जरा मान इकडे —