वाडग्याच्या बुडाचं लेबल

बाबा,

आज लिलाववाल्यांचा माणूस तुमचं कपाट बघायला आला होता, आणि तेव्हापासून माझं डोकं नुसतं भणभणतंय. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी लीड्सच्या या घरात तुमच्या निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांचाच थाट आहे. आई अजून त्या कपाटाजवळून अंग चोरून जाते.

त्यातल्या तुमच्या लाडक्या वाडग्यावरच्या चिनी चित्रांचं तुम्हाला फारसं कौतुक नव्हतंच. कौतुक होतं ते बुडाला चिकटवलेल्या गोल कागदी लेबलाचं, कारण त्यावर कुणा जुन्या इंग्रज संग्राहकाचं नाव होतं. तुमच्या हॉस्पिटलातले कन्सल्टंट साहेब जेवायला आले की तुम्ही वाडगा उलटा करून आधी ते नाव दाखवायचात. आणि आईच्या लग्नातली स्टीलची भांडी, ज्यांवर आजोबांनी हौसेने तिचं नाव घालून दिलं होतं, ती मात्र खोक्यात भरून चॅरिटी शॉपला देऊन टाकलीत. "नावं घातलेली भांडी काय मिरवायची लोकांपुढे!" एकाच तोंडाने हे दोन्ही कसं बोलवलं तुम्हाला?

मग एका दिवाळीत लेबल नाहीसं झालं. "अहो, मीच गरम पाण्यात धुतला वाडगा. मला वाटलं, दुकानाचं स्टिकर आहे," आई म्हणाली. तुम्ही पाहुण्यांसमोर तिला अडाणी म्हणालात आणि कपाटाची किल्ली काढून घेतलीत. एमएस्सी झालेली बाई, बाबा! तिने पुन्हा त्या कपाटाला हात लावला नाही. हे मी तुम्हाला कधीच माफ केलेलं नाही.

आज त्या माणसाने वाडगा उलटा केला, जुन्या गोंदाच्या डागावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "लेबल गेलंय. व्हॉट अ शेम." ऐंशी वर्षांची आई खुर्चीतून अर्धवट उठली. "सॉरी. माय फॉल्ट. आय वॉश्ड इट."

मी तिच्या शेजारीच उभी होते. ते लेबल मी सोललं होतं, सात वर्षांची असताना, माझ्या स्टिकरच्या वहीसाठी. आईने ते वहीत पाहिलं, तेवढ्यात तुम्ही जिना उतरताना दिसलात, आणि तिने वही मिटून माझ्या दप्तरात टाकली. ती वही अजून माझ्याकडे आहे. आज तरी तोंड उघडायचं होतं मी. मी त्या माणसाला विचारलं, चहात साखर किती.

हे तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही वाचणार नाही. आई खाली टीव्ही बघत बसलीये.