यादीतलं नाव

अंदमान, १२ जानेवारी १९९४

ती. अक्का,

तुझ्या निंबाचा समुद्रापलीकडून नमस्कार. तू बळेच पाठवलंस म्हणून आलो. जेवण बरं आहे, तब्येतही बरी.

आज गाईडने जंगल दाखवलं. रानकेळ दिसली आणि सवयीने माझ्या हाताने तिचं वाळलेलं पान ओढून काढलं. "काका, ही तुमची बाग नाही," गाईड म्हणाला. सगळे हसले.

लीलाधरने केळीची पिलं कापली ना? पोराला वेळेवर जेवायला घाल.

होडीत बसताना गाईड यादी वाचतो. त्यात तुझ्या भावजयीचं नाव अजून आहे. झुंबरला जाऊन चार महिने झाले, हे मी त्याला सांगितलेलं नाही.

"झुंबरबाई?" त्याने आजही विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

तुझा,
निंबा