सिमेंटच्या खळ्यावरचं सारवण

खळं सारवताना हाताची एक रेघ दिसली तरी पुन्हा सारवायला लावायचा तुमी. माझे गुडघे तितंच गेले. ते आदी सांगून टाकते, आत्याबाई, मंग बाकीचं. मेलेल्या सासूला लिहिणारी मी एकटीच आसंन, पण ह्यातलं दुसऱ्या कुणाला काय कळायचं न्हाई.

तुमच्या खळ्यावर माझ्या थोरल्यानं सिमेंट ओतलं. पांढुरकं, सपाट, वर झाडाची सावली न्हाई. पुण्याच्या कुठल्याशा कॉलेजातल्या माणसांना नेमकं तेच आवडलं. आभाळात उपग्रह फिरतोय, तो जमिनीचे फोटो काढतोय. त्याला खालचा उजेड बरोबर दिसतोय का, हे ताडून बघायला खाली कायम एकसारखी ऱ्हाणारी जागा लागती म्हणं. तो डोक्यावरनं जायच्या टायमाला ही माणसं हितं यंत्र धरून मोजायची, सिमेंट किती उजेड माघारी फेकतंय. आदी एका पांढऱ्या पाटीवर, मंग सिमेंटवर. त्यांच्यातली मुख्य एक पोरगी, लातूरकडची. मला म्हणाली, "आजी, वरच्याच्या चष्म्याचा नंबर तपासतो आम्ही." बुटाची माती नको म्हणून नुसत्या मोज्यांवर चालायची. तुमी तिला एक शब्द बोलला नसता. मला मातर बोलला असता.

थोरल्याला हितं शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्यात. धरणाकडं येणारी गर्दी त्याला दिसती. पण मोजणी चालंल तवर जागेला हात लावणार न्हाई, आसा शब्द त्यानं पोरीला दिलावता. तेवढ्यावर खळं वाचलंवतं.

मंग भात कापलं. भारे यायच्या आदल्या दिशी थोरल्याच्या बायकोनं, माझ्या सुनंनं, समदं सिमेंट शेणानं सारवून काढलं. बिनसारवल्या खळ्यावर भात झोडायचं न्हाई, हे मीच तिला शिकवलेलं; सिमेंट आलं म्हणून सोड, आसं मी कदी म्हणले न्हाई. मी जाऊन बगितलं. एक रेघ न्हाई. तुमच्या हयातीत माझ्या हातनं आसं सारवण झालं न्हाई, आणि हे मी तिला सांगितलं बी न्हाई.

दुसऱ्या दिशी पोरगी यंत्र घेऊन आली आणि बगतच ऱ्हायली. धुतलं तरी शेण बारीक छिद्रांत बसतं, आदीच्या मोजणीशी आता हे जुळायचं न्हाई, आसं तिनं सांगितलं. चिडली न्हाई. सामान गाडीत भरलं, चहा घेतला आणि दुसरी जागा बगायला भुकूमकडं गेली. थोरला सुनंवर वरडला, कुणी सांगितलंवतं म्हणून. ती भाऱ्यांमागं जाऊन उभी ऱ्हायली.

"मी सांगितलंवतं," मी म्हणले. "माझ्यावर वरड."

तो वरडला न्हाई. भात झोडून झालं, पेंढा रचला, तवा येऊन म्हणाला, "आई, आता फोडू ना?" जागा माझ्या नावावर हाय म्हणून मला इचारतोय. मी रोज उद्या सांगते म्हणते. खरं सांगू, मला ह्या खळ्याचं प्रेम हाय का नुसती सवय, तेच कळंना.

हा कागद कुटं धाडायचा न्हाई. पण आईकत आसाल तर थोरल्याच्या सपनात जाऊन काय बोलू नका. मी बी गप बसणार हाय. आता खळ्यावर सारवायला सून वाकती. फोडायचं का ठिवायचं, जबाब तिनं द्यायचा.