दोरा तुटला

सोमवार, दुपार

ठमे,

आजीचे आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. अक्षर वेडंवाकडं आहे, जुळवून घे.

तुझ्या कामाची तक्रार करायची म्हणून लिहायला बसले. तू म्हणाली होतीस, पेशंट हलला तरी आमचं यंत्र फोटो सरळ करतं. ह्यांना हल्ली माझंही नाव आठवेना, म्हणून डोक्याचा एमआरआय केला. कपाळावर ठिपक्यांची पट्टी चिकटवली. ज्या नळीत झोपवतात, तिच्यातला कॅमेरा त्या पट्टीवर नजर ठेवतो, डोकं सरकलं की फोटोही तेवढाच सरकवून घेतो. छान. पण तुम्ही शहाण्यांनी कधी शिंप्याचं कपाळ पाहिलंय का?

नळी खडखडायला लागली आणि ह्यांना वाटलं, आपलं शिलाई मशीन सुरू झालं. पाय पायडल मारायला लागला, कपाळाला आठ्या. डोकं जागेवर, पट्टी मात्र वरखाली! कॅमेऱ्याला वाटलं डोकंच हललं. चांगला फोटो त्यानेच बिघडवला. फोटो काढणारा म्हणाला, "पट्टी दातांना लावून बघू." म्हटलं, "दात घरी डबीत आहेत, बाबा." आठ्यांचं तेवढं तुझ्या साहेबांच्या कानावर घाल.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुंगीचं औषध द्यावं लागेल, पण हृदय कमजोर आहे, जागे होतीलच असं नाही. मी माईक मागितला आणि नळीत आवाज सोडला, "अहो, दोरा तुटला."

ह्यांची नजर अधू झाल्यापासून दोरा तुटला की सुई मीच ओवून द्यायची. तोवर हे हात मांडीवर ठेवून गप्प बसायचे. तसेच पडून राहिले. आठ्याही गेल्या. फोटो स्वच्छ आला.

इतका स्वच्छ, की डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवून दाखवलं. गाठ आहे, लिंबाएवढी. काढता येण्यासारखी नाही म्हणाल्या. हललेलाच बरा होता मेला फोटो.

घरी आल्यावर हे खुर्चीत तसेच बसून. चहा पुढे केला तरी हात हलेना. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कानाशी जाऊन म्हटलं, "ओवला हो." लगेच पाय सुरू. अजून चालूच आहे, रिकाम्या फरशीवर.

फोनवर का नाही सांगितलं म्हणशील. फोनवर माझा आवाज हलतो, आणि तो सरळ करणारं यंत्र तुमच्याकडे नसेल.

पाय चालतोय तोवर ये. रडत आलीस तर दारातूनच परत पाठवीन.

सुई ओवून बसलेली,
तुझी आजी