रिकाम्या रकान्यातली वेळ

मी, भुवनेश्वरी महेश्वर हत्तुरे, वय ६६, राहणार सोलापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. कान तर आयुष्यभर चांगलेच होते.

१. घरातला माझा अर्धा हिस्सा आणि बँकेतली ठेव माझी जाऊ दाक्षायणी हिला, फक्त तिच्या नावे. तिचे यजमान, म्हणजे माझे दीर राजशेखर, यांना त्यातली एक वीटही मिळू नये. कोकणातल्या वादळात फोन आणि वीज बंद पडली, तेव्हा तीन दिवस मी हॅम रेडिओवर तिकडचे निरोप घेऊन पुढे कळवत होते. "ताई, खाऊन घ्या की," म्हणत दाक्षायणी कडक भाकरी आणि शेंगाचटणी संचापाशीच आणून ठेवायची.

२. लॉगबुक. प्रत्येक निरोपापुढे आम्ही दोन वेळा लिहितो : मिळाल्याची आणि पुढे कळवल्याची. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लावलेल्या शिस्तीमुळे मी कधी रकाना कोरा सोडला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी थोडी आडवी झाले आणि संचापाशी भावजी बसले. परवाना त्यांच्याकडेही आहे. चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी उतरवले : धोंडीराम मास्तरांचे इन्सुलिन संपले, होडीने पाठवा. पुढचा रकाना कोरा. वार्ताहर आला होता. भावजींनी माइक धरून फोटो काढून घेतला आणि त्याच्याबरोबर चहाला गेले. संध्याकाळी सातला उठून मी निरोप कळवला आणि ती वेळ खाली वेगळ्या ओळीत लिहिली; भावजींच्या ओळीतला रकाना कोराच ठेवला. होडी पोचली तेव्हा मास्तर गेले होते.

आमच्या हॅम क्लबमध्ये भावजी म्हणाले, "वहिनींना झोप लागली हो, राहून गेलं." त्यांना शाल-नारळ मिळाला, माझे नाव आपत्कालीन यादीतून गेले. मास्तरांच्या पत्नी शकुंतलाबाईंनी फोनवर विचारले, "बाई, एवढा एकच निरोप कसा राहिला?" मी गप्प बसले, कारण माझ्या यजमानांनी माझा हात हातात घेऊन सांगितले होते, "भुवना, तू आहेस तोवर हे घरातच राहू दे." त्यांच्या त्या ऊबदार हाताखातर शब्द पाळला. पण तो मी असेपर्यंतचाच होता.

३. माझ्या दिवंगत यजमानांनी जोडलेला रेडिओ संच. उघडला की अजून त्यांनी तारांना दिलेल्या कथिलाच्या डागांचा वास येतो. भावजींची त्यावर फार वर्षांपासून नजर आहे. आमच्यातले कोणी गेले की सकाळी सातला रेडिओवर त्याचे कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचे सांकेतिक नाव, तीनदा पुकारतात आणि सगळे मिनिटभर गप्प राहतात. माझे कॉलसाइन राजशेखर यांनीच पुकारावे आणि त्या मिनिटात लॉगबुकातले त्या दुपारचे पान वाचावे, "अक्षर माझे आहे" असे सांगून. वाचले तर संच त्यांचा. नाही वाचले, तर त्यांच्यासमोर तो हातोडीने फोडावा. यजमानांच्या हातचा असला, तरी फोडावा.

४. व्यवस्थापक म्हणून मी दाक्षायणीला नेमते. पान दाखवल्यावर ती इतकेच म्हणाली, "ह्यांचंच हाय."

काहीही झाले तरी पानाची प्रत शकुंतलाबाईंना पाठवावी. त्यांची पोच आली की दाक्षायणीने त्या कोऱ्या रकान्यात वेळ लिहावी आणि मगच लॉगबुक मिटावे.

भुवनेश्वरी म. हत्तुरे (सही)

त्यांनी आमच्यासमोर आणि आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या :
१. डॉ. महादेवप्पा ईरप्पा बिराजदार (सही)
२. देवयानी अद्वैत देशपांडे, शेजारी (सही)

सोलापूर, ९ फेब्रुवारी २०२५